न गेलेल्या पत्त्यावरचा हार

१

ओजस्विनीच्या दाराच्या कडीला तिचाच फोटो लटकत होता, आणि फोटोला चंदनाचा हार घातलेला होता.

मेलेल्या माणसाच्या तसबिरीला घालतात तसला हार. चंदीगडजवळच्या झिरकपूरमधल्या त्या फ्लॅटसमोर शुभदा उभी होती आणि काही केल्या तिला हात पुढे करून तो फोटो काढवत नव्हता. जानेवारीचं धुकं जिन्यापर्यंत शिरलं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं तरी ती वळून जिन्याकडे बघत होती.

"मैंने दूध के लिए दरवाज़ा खोला, मॅडम," ओजस्विनी आतून म्हणाली. दार तिने पुरतं उघडलंही नव्हतं. "हे बघितलं आणि परत बंद केलं. मी मेले नाही ना अजून? फिर ये क्या है?"

शुभदाने डोळे मिटून फोटो ओढून काढला. संस्थेच्या ओळखपत्रावरचा फोटो, मोठा करून छापलेला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

ओजस्विनी ही शिवालिक जलसंशोधन केंद्रातली संशोधक विद्यार्थिनी. वडील हवाई दलात. तिचं लहानपण चंदीगडच्या छावणीत गेलं, म्हणून मराठी कळायचं सगळं, पण बोलताना हिंदी तोंडात यायची. आता वडिलांची बदली आसामात झालेली. दिवाळीनंतर तिने धीर एकवटून विभागप्रमुख डॉ. सब्बरवाल यांच्या विरुद्ध तक्रार केली होती. प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन त्यांनी तिच्याशी जे वर्तन केलं, ते तिला चौकशी समितीसमोर सांगायचं होतं. सब्बरवालांना चौकशी संपेपर्यंत संस्थेत पाऊल टाकायला बंदी झाली. पण वसतिगृहात रोज कुणी ना कुणी ओजस्विनीला 'समजवायला' यायला लागलं, तेव्हा शुभदाने तिला तिथून हलवलं. शुभदा त्याच केंद्रात शास्त्रज्ञ, आणि तक्रारीची पहिली साक्षीदार. झिरकपूरचा हा फ्लॅट तिच्या आतेभावाचा होता, तो परदेशी राहायचा. इथे कोण राहतं हे त्यालासुद्धा ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं दोघींनाच. एक दाराच्या आत होती आणि दुसरी बाहेर.

"सामान भर," शुभदा म्हणाली. "इथे एक क्षण थांबायचं नाही."

गाडीत बसल्यावर तिने पहिला फोन वंदनाताईंना लावला. वंदनाताई तिच्या विभागातल्या वडीलधाऱ्या, मूळच्या साताऱ्याच्या. पंधरा वर्षांपूर्वी या परक्या गावात शुभदाला पहिली पुरणपोळी त्यांनीच खाऊ घातली होती. आज येता येणार नाही एवढंच सांगायचं होतं, पण बोलता बोलता शुभदाला रडू फुटलं आणि हाराचं तिने सांगून टाकलं. कुठे, ते मात्र नाही सांगितलं.

"अगं आई गं! फोटोला हार?" वंदनाताईंचा आवाज चिरकला. "शुभदा, तू नको गं पडूस यात. माझं ऐक."

मग शुभदाने फोनवर मोहालीतलं एक मुलींचं वसतिगृह शोधलं, वॉर्डनला ओजस्विनीचं ओळखपत्र पाठवून जागा ठरवली आणि गाडी तिकडे वळवली. पण अर्ध्या वाटेत ओजस्विनी अडून बसली. अनोळखी माणसांत राहणार नाही म्हणाली. शुभदाने गाडी बाजूला घेऊन नवऱ्याला, दिगंबरला, फोन केला. तो मोठ्या इस्पितळात डॉक्टर. त्याने डोकं शांत ठेवून मार्ग काढला. त्याच्या एका सहकाऱ्याची आई, यमुनामावशी, पंचकुल्यात एकटीच राहायची. शुभदाचं तिथे नेहमीचं जाणं-येणं, वाट तोंडपाठ. मुलीला तिथे सोडून तिने वसतिगृहाच्या वॉर्डनला फोन केला: आम्ही येत नाही, मुलगी ओळखीच्यांकडे राहील.

त्या आठवड्यात काहीच घडलं नाही. शुभदाला जरा श्वास घेता येऊ लागला.

आणि मग त्या वॉर्डनचा फोन आला.

"मैडम जी, आपकी वो लड़की तो हमारे यहाँ आई ही नहीं," बाई घाबरून बोलत होती. "फिर गेट पे उसकी फोटो कौन टाँग गया? हार वाली?"

२

माणूस पाठलाग करतो, हे कळतं. पण जिथे आपण गेलोच नाही तिथे आपल्या आधी जाऊन थांबणारा पाठलाग कसला?

शुभदाने घरी येऊन फोन बंद केला, पंच्यात गुंडाळला आणि कणकेच्या डब्यात ठेवला. तरी तिचं समाधान होईना. दिवाणखान्यातल्या टीव्हीकडे पाठ करून बसली, तर पाठीला डोळे रुतल्यासारखे वाटले. दिगंबर इस्पितळातून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती.

"हा लक्ष्मीकांत," तो ठामपणे म्हणाला. "दुसरं कोण? तुमच्या संस्थेची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा त्याच्या हातात. तुझा लॅपटॉप त्यानेच दुरुस्त केला ना दसऱ्याला? आत काय घालून ठेवलं असेल कुणास ठाऊक."

लक्ष्मीकांत सोलापूरकडचा. घुम्या. जेवणाच्या सुट्टीतही कुणात मिसळायचा नाही. काही बिघडलं की सगळे त्याला हाक मारायचे, आणि तो पाठमोरा झाला की म्हणायचे, याला आपल्या सगळ्यांचं सगळं दिसत असणार. शुभदाही तसं म्हणाली होती कधीतरी.

दुसऱ्या दिवशी संस्थेत वंदनाताईंनी तिचा चेहरा बघून तिला खोलीत ओढून नेलं. चहा दिला. "आता काय झालं?" त्यांनी विचारलं. शुभदाने मान हलवली. वसतिगृहाचं कुणाला सांगायचं नाही, असं दिगंबरने बजावलं होतं.

"कुणीतरी माझ्या फोनमध्ये शिरलंय, ताई. एवढंच कळतंय."

"मला तर बाई त्यातलं ओ की ठो कळत नाही," वंदनाताई म्हणाल्या. "प्रतीक माझा फोन घेतो, मी त्याचा घेते. आमच्या चाळीत दारं सताड उघडी असायची, कुणाचं काही बिघडलं नाही. लपवण्यासारखं असतंच काय माणसाकडे?"

प्रतीक म्हणजे त्यांचा मुलगा. तोही याच केंद्रात, सब्बरवालांच्याच हाताखाली, प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यावर.

शुभदा बाहेर पडली तेव्हा लांब व्हरांड्याच्या टोकाला लक्ष्मीकांत उभा होता. तिच्याकडेच बघत होता. ती दिसताच तो पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं बोलायचं होतं. एकट्यात."

शुभदा उत्तर न देता जवळजवळ धावतच जिना उतरली. गाडीत बसल्यावर तिने आधी सगळी दारं आतून लावून घेतली.

३

मेजर प्रतिमा वानखडे सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेल्या. माहेर अमरावतीचं, आणि सगळा हिंदुस्थान फिरूनही बोली तिथलीच. आपल्या सेक्टरातल्या, म्हणजे वसाहतीतल्या, पेन्शनरांना त्या फोन वापरायला शिकवत. कुणी फसवलं गेलं की लोक पोलिसांच्या आधी त्यांच्याकडे जात. त्यांच्या आईच्या आजारपणात दिगंबरने उपचार केले होते, त्या ओळखीवर त्याने शुभदाला तिकडे पाठवलं.

प्रतिमाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'घाबरू नको' म्हणाल्या नाहीत. त्यामुळेच शुभदाला बरं वाटलं.

"तुझा फोन कुठं आहे?"

"कणकेच्या डब्यात होता. आता पर्समध्ये. बंद."

"कणकेनं काय केलं होतं बाप्पा," त्या म्हणाल्या आणि हसल्या नाहीत. "आता पाह्य. तुला वाटून राहिलं, त्याला सगळं माहीत आहे. मला वाटते, त्याला फार थोडं माहीत आहे. तो तुझे फोन ऐकत असता, तर वसतिगृहाला तू 'येत नाही' म्हणालीस तेही त्यानं ऐकलं असतं. मग तिथं हार लावायला काहून गेला असता?"

शुभदाने पर्सवर घट्ट धरलेला हात काढला.

"गाडीच्या मागं असता, तर पंचकुल्याला पोचला असता. तुझा नवरा फितूर असता, तरी पंचकुल्यालाच. ती जागा त्यानंच शोधली."

"दिगंबर?" शुभदा दचकली. "त्याच्यावर संशय—"

"सगळ्यांवर घ्यायचा आणि मग एकेक सोडत जायचं. त्याला तुझा पासवर्ड माहीत आहे?"

"हो. आमच्यात काय लपवायचंय?"

"लपवायचं नाही विचारलं मी. आंघोळ करताना कडी लावतेस ना? पाप करतेस म्हणून लावतेस काय?" प्रतिमाताईंनी कप खाली ठेवला. "असो. झिरकपूरला गेलीस, तिथं हार. मोहालीला गेलीच नाहीस, तरी हार. पंचकुल्याला रोज जातेस, तिथं काही नाही. पहिल्या दोन जागांत असं काय आहे, जे तिसरीत नाही?"

शुभदाने आठवून पाहिलं. झिरकपूरच्या त्या नव्या इमारतींच्या गर्दीत ती आधी चुकली होती. मोहालीचं वसतिगृह... 

"ते पत्ते मी नकाशावर शोधले होते," ती म्हणाली. "यमुनामावशींचा कधीच नाही शोधला."

"हां. म्हणजे त्याला तू बोललेलं ऐकू येत नाही, तू गेलेली दिसत नाही. तू शोधलेलं तेवढं दिसते. आता फोन चालू कर."

आपल्या खात्यात कुठली कुठली यंत्रं जोडलेली आहेत, हे बघता येतं, याचा शुभदाला पत्ताच नव्हता. प्रतिमाताईंनी दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि फोन तिच्यापुढे धरला. हा फोन. घरचा लॅपटॉप. आणि तिसरा एक कॉम्प्युटर, आज सकाळीच वापरलेला.

"हा कोणाचा?"

शुभदाला उमजायला वेळ लागला. नोव्हेंबरात संस्थेच्या चर्चाकक्षात तिचं व्याख्यान होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं खातं उघडून तिने चित्रं दाखवली होती. टाळ्या झाल्या, चहा झाला. खातं तसंच उघडं राहिलं. तेव्हापासून ती घरी, गाडीत, अंथरुणात पडून जे काही शोधत होती, ते त्या खोलीतल्या पडद्यावर जाऊन बसत होतं. आईच्या गुडघ्याचं औषध. दिगंबरशी भांडण झालं त्या दिवशी शोधलेलं पुण्याचं तिकीट. सगळं.

तिला उघड्या अंगाने रस्त्यात उभं केल्यासारखं झालं.

"बंद करा ते! आत्ता, इथूनच बंद करा!"

"नाही," प्रतिमाताई म्हणाल्या. "दार लावलं की चोर सावध होते. त्या खोलीत कोण बसते?"

"वंदनाताईंचे तास असतात. संशोधक विद्यार्थी येतात, प्रतीक आणि बाकीचे. किल्ली लक्ष्मीकांतकडे. तोच असणार! त्याला सगळं येतं."

"येते, म्हणूनच तो नाही. तुझं खातं उघडं आहे आणि समोर जाणकार माणूस बसला आहे, तर तो तुझा फोन ह्या क्षणी कोणत्या घरात आहे हेही काढेल. पंचकुल्याला तो पहिल्याच दिवशी पोचला असता. या माणसाला तेवढं येत नाही. शोधायच्या चौकटीवर बोट ठेवलं की खाली जे आपोआप उघडते, तेवढंच त्यानं वाचलं. लोक मला विचारतात, हॅक कसं केलं? अरे, कसलं हॅक? दुसऱ्याच्या उघड्या दारातून आत पाहत राहिलं, बस."

खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. भरदुपारी समोरचं घर दिसत नव्हतं.

"बाहेरचा हार लावणारा वेगळा, आतला सांगणारा वेगळा," प्रतिमाताई पुढे म्हणाल्या. "बाहेरचा पकडणं सोपं आहे. आतल्यासाठी मला एक सांग. तुझ्या त्या संस्थेत तुझ्यावर जीव लावणारं कोण कोण आहे?"

४

"जीव लावणारं?" शुभदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वाईटावर असणारं कोण, असं विचारा ना."

"वाईटावरच्यानं तुलाही एक हार पाठवला असता. मुख्य साक्षीदार तूच आहेस. पण तुझ्या केसाला कोणी धक्का लावला नाही. काहून?"

त्यांनी फोन शुभदाच्या हातात दिला आणि पिंजौरचं एक अतिथिगृह शोधायला सांगितलं. तिथल्या पोलीस चौकीचा अधिकारी त्यांच्या ओळखीचा होता. शुभदाने नाव टाकलं, रस्ता बघितला.

"आता दुसरं. टाइप कर: स्तनात गाठ, लक्षणं. मग चंदीगडमध्ये तपासणी कुठं होते ते."

शुभदाचं बोट हवेतच थांबलं. "हे कशाला? असलं अभद्र..."

"पत्ता हे शत्रूचं खाद्य आहे. तो ते घेऊन जाईल आणि तोंड बंद ठेवेल. पण तुझा आजार वाचून ज्याला राहवणार नाही, तो माणूस मला पाहिजे. घरी सांगायचं नाही. दिगंबरलाही नाही."

शुभदाने टाइप केलं. अक्षरं उमटली तशी तिला खरोखरच छातीत दुखल्यासारखं झालं. आपण हे लिहितोय आणि कुठल्या तरी रिकाम्या खोलीत ते आपोआप उमटतंय, या विचाराने तिने फोन पालथा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली ती वधस्तंभाकडे जावं तशी. चर्चाकक्षाचं दार बंद होतं. आतून वंदनाताईंचा शिकवण्याचा आवाज येत होता. विद्यार्थ्यांची पांगापांग झाली. प्रतीक समोरून आला, "नमस्ते मॅम" म्हणून निघून गेला. कुणाच्या डोळ्यांत काही दिसतं का, हे ती चोरून बघत होती, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत तिला काहीतरी दिसत होतं.

लक्ष्मीकांत तिच्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं. शुभदा खुर्चीतून उठलीच.

"दार उघडं ठेवा!"

त्याने मुकाट्याने दार उघडलं. मग उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, चर्चाकक्षातल्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं उघडं आहे. ते बंद करा."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"महिना झाला असेल. मी वाचलं नाही काही. नाव दिसलं आणि पडदा बंद केला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिलं काय विचारलं असतं?" तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "'तुम्ही काय काय बघितलं?' हेच ना? पूर्वीच्या नोकरीत एकदा असंच सांगितलं होतं. नोकरी गेली. म्हणून गप्प राहिलो. पण ओजस्विनीचं परवा कानावर आलं, तेव्हापासून झोप नाही."

त्याचं चुकलंच होतं. त्याने वेळेवर तोंड उघडलं असतं तर पहिलाच हार लागला नसता. शुभदाला राग आला आणि त्याच क्षणी, याला आपण काय उत्तर दिलं असतं हेही तिला पक्कं माहीत होतं. ती काही बोलणार तोच फोन वाजला.

"पिंजौरला एक गाडी येऊन थांबली आहे," प्रतिमाताई म्हणाल्या. "माणूस अतिथिगृहात मुलीची चौकशी करून राहिला. ठेव आता. मी सांगते."

फोन बंद झाला. लक्ष्मीकांत निघून गेला. शुभदा टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिली, आणि दारावर हळूच टकटक झाली.

५

वंदनाताई होत्या. हातात स्टीलचा डबा.

"आळिवाचे लाडू आणलेत तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. डबा टेबलावर ठेवून त्यांनी दार लावलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांचे हात उबदार होते. किती वेळ त्या नुसत्याच तिचा हात थोपटत राहिल्या.

शुभदाच्या मनात एकच धावा चालला होता. बोलू नका. ताई, काही बोलू नका.

"तू अशी वाळून चालली आहेस," वंदनाताई म्हणाल्या. "या भानगडीपायी तब्येतीकडे बघत नाहीस. आपल्या वयात बायकांनी अंगावर काढू नये गं. दिगंबरांना सांगितलंस का?"

"काय?"

"असू दे. नको सांगूस मला. पण लवकर दाखवून घे. माझ्या नणंदेलाही अशीच लागली होती हाताला, साधी निघाली. गाठ म्हटली की प्रत्येक वेळी तेच नसतं, शुभदा."

बाहेर व्हरांड्यातून कुणीतरी हसत गेलं. शुभदाला ते फार लांबून ऐकू आलं. समोरचा चेहरा तोच होता, पंधरा वर्षांचा ओळखीचा, मायेने भरलेला. भीती तिला गेले कित्येक दिवस वाटत होती, पण ती बिनचेहऱ्याची. आता तिने हात सोडवून घेतला, तेव्हा तो आपला आहे असंच तिला वाटेना.

"ताई," ती म्हणाली, "हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही."

वंदनाताईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

६

प्रतिमाताई आल्या तेव्हा तिघी चर्चाकक्षात बसल्या. पिंजौरच्या चौकीत सब्बरवालांचा मेहुणा बसवलेला होता. त्याच्या गाडीत फोटो सापडला होता आणि तिसरा हारही. मुलीचा पत्ता भावजींनी दिला, आपण फक्त 'डरवायला' गेलो होतो, असं तो सांगत होता.

प्रतिमाताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. शोधायच्या चौकटीवर बोट ठेवताच खाली शुभदाचे शब्द ओळीने उघडले. पिंजौरचं अतिथिगृह. त्याच्याखाली ते दुसरं.

"हे काल माझ्यासमोर टाइप केलं हिनं," त्या वंदनाताईंना म्हणाल्या. "माझ्या सांगण्यावरून. खोटं."

वंदनाताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शुभदाकडे बघितलं. "म्हणजे," त्या पुटपुटल्या, "म्हणजे तुला गाठ नाही?"

"नाही."

"देवा!" त्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या हमसून रडायला लागल्या. "काल घरी जाऊन मी घासभर जेवले नाही गं."

ते रडणं खरं होतं. शुभदाला आतून हादरवलं ते त्यानेच.

मग त्यांनी सांगितलं. डिसेंबरात त्या मिठाईचं एक दुकान शोधायला बसल्या तर शुभदाने शोधलेलं सगळं समोर आलं. बंद कसं करायचं ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. मग सवयच लागली. "वाईट हेतू नव्हता. तू काही सांगत नाहीस अलीकडे. इथे बसलं की कळायचं, तू कशी आहेस. पुण्याचं तिकीट बघितलंस तेव्हा मी रात्रभर जागी होते." पुढे सब्बरवालांचा फोन आला. मुलगी कुठे आहे तेवढं सांगा, समोरासमोर बसून मिटवून टाकू. नाहीतर माझ्यासोबत प्रतीकचा प्रबंधही बुडेल. "मला वाटलं, बोलतील, मिटेल. मी फक्त पत्ता सांगितला. हाराचं मला माहीत नव्हतं, शपथ घेते."

"पहिल्या वेळी नव्हतं," प्रतिमाताई म्हणाल्या. "पण त्याच सकाळी हिनं तुम्हाला फोन करून रडत सांगितलं. मोहालीचा पत्ता तुम्ही त्याच्यानंतर दिला. आणि पिंजौरचा काल."

वंदनाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. 

"मुलगा आहे गं माझा," अखेर त्या शुभदाला म्हणाल्या. "तुझं वाईट मी कधी चिंतलं का? तुझ्यापर्यंत काही येऊ नये म्हणून सब्बरवालांना मी बजावलं होतं."

"आणि ओजस्विनी?" शुभदाने विचारलं. "तिच्या फोटोला हार घातला होता, ताई. तीही कुणाची तरी मुलगी आहे."

तिने स्वतःच्या हाताने सगळ्या यंत्रांवरचं आपलं खातं बंद केलं. प्रतिमाताईंनी नुसतं बघितलं, मदत केली नाही. पडदा कोरा झाला.

वंदनाताईंनी समितीला सगळं सांगितलं. दुसरा मार्गही नव्हता. त्यांची नोकरी काय होईल हे अजून ठरायचं होतं. प्रतीक दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि दुसऱ्या मार्गदर्शकाकडे जागा मागून गेला, कुणाशी न बोलता. सब्बरवालांवर आता धमकीचाही गुन्हा नोंदला गेला. दिगंबरने लक्ष्मीकांतला घरी जेवायला बोलवू म्हटलं. तो आला नाही.

शुभदाची भीती मात्र गेली नाही. फोनवर साधा भाजीचा शब्द टाकतानाही तिचं बोट अडखळायचं. मागून कुणी वाचतंय असं वाटायचं, आणि तो वाचणारा चेहरा मायाळू असायचा.

साक्षीच्या दिवशी ती ओजस्विनीला घेऊन समितीच्या कचेरीत गेली. धुकं निवळलं होतं, पण ऊन अजून कोवळं होतं. आत जाताना मुलीचे ओठ पांढरे पडले होते. दार बंद झालं आणि शुभदा व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आतून आवाज येत नव्हता. शिपाई येऊन दोनदा पाणी ठेवून गेला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ओजस्विनी बाहेर आली. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"बोल दिया, मॅडम. सगळं. दार लावलं होतं तेही." ती बाकाशी येऊन थांबली. तिचा स्वतःचा फोन पोलिसांकडे तपासाला होता. "बाबांना सांगायचंय. आपका फ़ोन मिलेगा?"

शुभदाने फोन उघडून तिच्या हातात दिला. ओजस्विनीने नंबर लावला, कानाला धरला, आणि बोलायच्या आधी एकवार तिच्याकडे बघितलं.

शुभदा उठली. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, जिथून एक शब्दही ऐकू येणार नाही इतकी लांब चालत गेली, आणि बागेकडे तोंड करून उभी राहिली.